‘पोरांची भांडणं’ म्हणून जातीय हल्ले गाडू नका!



वस्तीतल्या पोराला शाळेत मार बसला की मुख्याध्यापकांचे वाक्य ठरलेले असते: ‘अहो, पोरांची भांडणं आहेत, मिटवून टाका.’ पोलीस पाटील तेच म्हणतो, ठाण्यातला हवालदारही तेच म्हणतो. या एका वाक्याखाली किती गुन्हे गाडले गेले असतील? आज याच वाक्याचा समाचार घेऊ.

आधी जगाकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने युरोप आणि उत्तर अमेरिकेतील ११, १३ आणि १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची दर चार वर्षांनी पाहणी होते. २००२ ते २०१० या काळात ३० देशांपैकी १९ देशांत मुलांमधील मारामाऱ्या कमी झाल्या. अमेरिकेत १९९१ साली हायस्कूलचे ४२.५ टक्के विद्यार्थी वर्षभरात एकदा तरी मारामारीत सापडले होते. २०१७ साली हे प्रमाण २३.६ टक्क्यांवर आले. म्हणजे ‘या वयात पोरं मारामारी करणारच, रक्तच गरम असतं’ हे थोतांड आहे. रक्त तेच राहिले, मारामारी घटली. हिंसा निसर्गातून येत नाही, समाजव्यवस्थेतून येते. २००९ साली ३७ देशांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या देशात उत्पन्नाची विषमता जास्त, त्या देशातील शाळांत दादागिरीही जास्त, असे त्यात दिसले. विषमता आणि हिंसा यांचे नाते आपल्याला नवे नाही. बाबासाहेबांनी या देशातील विषमतेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. ती पगारात मोजता येत नाही, कारण ती जन्मावर ठरते.

आता नीट वाचा. विकसनशील देशांतील शाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची वेगळी प्रश्नावली आहे. तिच्यात ‘मारामारी’ची व्याख्या दिली आहे: साधारण सारख्या ताकदीचे दोन विद्यार्थी आपापल्या मर्जीने एकमेकांशी भिडले, तरच ती मारामारी. बाकी सगळा ‘हल्ला’. युनेस्कोने २०१९ साली जगभरची आकडेवारी मांडली, तेव्हा ३६ टक्के विद्यार्थी मारामारीत सापडलेले होते आणि जवळपास तिघांपैकी एकावर हल्ला झालेला होता. दोन्ही आकडे वेगळे मांडले, कारण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

मग मुख्याध्यापक महोदय, गावातील जमीन, पतसंस्था, ग्रामपंचायत, शाळेची संस्था ज्यांच्या हातात आहे त्यांचा मुलगा आणि त्यांच्याच शेतात मजुरी करणाऱ्याचा मुलगा ‘सारख्या ताकदीचे’ कधी झाले? जगाच्या मापानेच मोजले तरी हे भांडण ठरत नाही. हा हल्ला आहे!

पण जगाचे मापही अपुरे आहे. तुला का छळले, असे हीच प्रश्नावली मुलाला विचारते. उत्तरासाठी वंश, राष्ट्रीयत्व, रंग, धर्म, शरीराची ठेवण असे पर्याय देते. जात त्यात नाही. भारतात ही पाहणी २००७ साली झाली ती सीबीएसईच्या शाळांत. जिल्हा परिषदेची शाळा आणि आश्रमशाळा त्या मोजणीत आलीच नाही. जिथे मार बसतो तिथे विचारायचे नाही आणि जिथे विचारायचे तिथे जातीचा रकाना ठेवायचा नाही, अशी ही तऱ्हा! मग ‘शाळेतील जातीय हिंसेची आकडेवारी कुठे आहे?’ असे आपल्यालाच विचारले जाते.

आकडा नसला तरी रक्त सांडलेच आहे. २०१४ साली नगर जिल्ह्यातील खर्डा येथे १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला शाळेतून ओढून नेऊन ठार मारले. साक्षीदार उलटले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. ऑगस्ट २०२३ मध्ये तमिळनाडूतील नांगुनेरी येथे बारावीच्या दलित विद्यार्थ्याने छळाची तक्रार शाळेकडे केली. त्यानंतर सोबत शिकणाऱ्या सवर्ण पोरांनी घरात घुसून त्याच्यावर कोयत्याने वार केले. वाचवायला आलेली बहीणही जखमी झाली. ही पोरांची भांडणं?

नांगुनेरीनंतर तिथल्या सरकारने न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती नेमली. जात दाखवणारे मनगटावरचे रंगीत धागे बंद करा, शाळांच्या नावातील जाती काढा, असे समितीने २०२४ साली सांगितले. शिफारशी अमलात येवोत न येवोत, शाळेत जात आहे हे निदान कागदावर आले. महाराष्ट्राने खर्ड्यानंतर अशी कोणती समिती नेमली? फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या राज्यकर्त्यांनी याचे उत्तर द्यावे.

कार्यकर्त्यांनो, मागणी स्पष्ट ठेवा. राज्याने प्रत्येक शाळेत, आश्रमशाळेत, वसतिगृहात हिंसेची पाहणी करावी आणि तिच्यात जातीचा प्रश्न असावा. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार दुर्बल घटकातील मुलांशी भेदभाव होऊ न देणे ही सरकारची आणि स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, अर्जात ‘भांडण’ नाही, ‘हल्ला’ असा शब्द लिहा. जातिवाचक शिवीगाळ झाली असेल तर ॲट्रॉसिटीची कलमे लावण्याचा आग्रह धरा. मिटवामिटवीच्या बैठकीला पोराच्या बापाला एकट्याला पाठवू नका, सोबत जा.

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसवले होते. आज आपले पोर वर्गात बाकावर बसते. ते बाक त्याला मार खाऊन सोडावे लागू नये, हे पाहणे आपले काम आहे.

जय भीम!