पायाखालची जमीन कोणाच्या नावे?

पुण्यात सदनिका विकत घेण्यास निघालेला गृहस्थ सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब चार इमारती पाहून येतो, तेव्हा त्याने विचारलेले प्रश्न बहुधा ठरलेले असतात: महापालिकेचे पाणी किती वेळ येते, उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात काय, वीज गेल्यास लिफ्ट चालते काय, शाळा आणि दवाखाना किती अंतरावर आहेत, आणि सौद्यात शेवटचा आकडा काय. हे सारे प्रश्न योग्य आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. परंतु ज्या भूखंडावर ही इमारत उभी आहे तो भूखंड आज सरकारदप्तरी कोणाच्या नावे आहे, हा सर्वांत आधी विचारावयाचा प्रश्न मात्र शंभरांतील नव्वद जण विचारीत नाहीत. आणि जे त्या इमारतीत तीस-तीस वर्षे राहत आहेत, त्यांनाही तो कधी सुचलेला नसतो. गृहखरेदीविषयी सल्ला विचारणारी पत्रे या सदराकडे वारंवार येतात. त्या सर्वांना मिळून एकच उत्तर द्यावयाचे झाले, तर मी या प्रश्नापासूनच आरंभ करीन.

महाराष्ट्राने १९६३ साली मालकीहक्काच्या सदनिकांसंबंधी जो कायदा केला, ज्याला व्यवहारात ‘मोफा’ म्हणतात, त्याने या बाबतीत विकासकावर निःसंदिग्ध कर्तव्ये लादली होती. किमतीच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक रक्कम लेखी करारनाम्यावाचून घ्यावयाची नाही, पुरेसे खरेदीदार झाले की त्यांची सहकारी संस्था नोंदवून द्यावयाची, आणि संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांच्या आत इमारत व तिच्याखालील जमीन खरेदीखताने त्या संस्थेच्या नावे करून द्यावयाची, असा तो क्रम होता. या शेवटच्या पायरीस कायद्याच्या मराठीत अभिहस्तांतरण म्हणतात आणि सोसायटीच्या सभेत सगळे ‘कन्व्हेयन्स’ म्हणतात. पहिल्या दोन पायऱ्या बहुतेक ठिकाणी चढल्या गेल्या, कारण त्यांवाचून विकासकाचेही अडते. तिसरी पायरी सहस्रावधी इमारतींत तशीच राहिली, आणि ती राहण्यामागे केवळ आळस होता असे मानणे भोळेपणाचे ठरेल.

विकासक पुष्कळदा जमीन विकत घेतच नाही. मूळ शेतकऱ्याशी विकसन करारनामा आणि त्याच्याकडून कुलमुखत्यारपत्र, एवढ्या दोन कागदांवर तो इमारत उभारतो, सदनिका विकतो आणि पुढच्या कामाला लागतो. दप्तरी मात्र जमीन त्या शेतकऱ्याच्याच नावे नांदत राहते. पुढे तो निवर्तला की वारसांच्या नोंदी होतात, त्यांतील काही जण जुना करार मान्य नसल्याचे सांगू लागतात, मृत माणसाने दिलेल्या मुखत्यारपत्राच्या बळाविषयी वाद निघतो, आणि जे काम चार महिन्यांत एका दस्ताने झाले असते, त्यासाठी पंधरा-वीस वारसांच्या दारी जाण्याचा प्रसंग येतो. दुसरे कारण लाभाचे आहे. शहराचे बांधकाम नियम बदलतात तसे त्याच भूखंडावर अधिक चटईक्षेत्र मिळू लागते. मुंबई वगळता बहुतांश राज्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिच्याखाली अधिमूल्य भरून आणि हस्तांतरणीय विकास हक्क वापरून पूर्वीपेक्षा किती तरी अधिक बांधकाम करता येते. हे वाढीव चटईक्षेत्र जमिनीच्या मालकाचे. म्हणून जमीन स्वतःकडे राहू देण्यात विकासकाचा आणि मूळ मालकाचा जो हितसंबंध आहे, तो वर्षागणिक वाढतच जातो. ज्यांनी घाम गाळून हप्ते फेडले त्यांच्या डोक्यावर उद्या आणखी दोन मजले चढवण्याचा हक्क दुसऱ्याने सांगावा, हा उघड अन्याय आहे, आणि तो पुरता ओळखूनच सभासदांनी जागे झाले पाहिजे.

कोथरूड-कर्वेनगरच्या बाजूस ऐंशीच्या दशकात उभ्या राहिलेल्या एका लहानशा संस्थेची मिळकत पत्रिका अलीकडे माझ्या पाहण्यात आली. वर नगर भूमापन क्रमांक, शेजारी चौरस मीटरमध्ये क्षेत्र, त्यापुढे धारणाधिकाराचा रकाना. त्याखाली ‘हक्काचा मूळ धारक’ या शब्दांपुढे त्या काळच्या शेतकऱ्याचे नाव. मग तारीखवार नोंदी सुरू होतात. पहिली नोंद बिनशेती परवानगीची. दुसरी, धारक मयत झाल्यामुळे वारसांची. त्यांत पत्नी, मुलगे आणि सासरी गेलेल्या मुलींचीही नावे. तिसरी पुन्हा वारसांचीच, म्हणजे आता नातवंडांची. उजवीकडच्या रकान्यात प्रत्येक नोंदीस अधिकाऱ्याचे साक्षांकन. जी सोळा कुटुंबे तेथे चार दशके राहत आहेत, ज्यांच्या नावे मिळकतकराची बिले दरवर्षी येतात, ज्यांच्या कपाटांत भागपत्रे आणि नोंदलेले करारनामे जपून ठेवलेले आहेत, त्यांचा किंवा त्यांच्या संस्थेचा त्या कागदावर कोठेही उल्लेख नव्हता. संस्थेच्या वयोवृद्ध खजिनदारांनी तो कागद दोन वेळा वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारले, “मग आम्ही इतकी वर्षे कर कशाचा भरत होतो?”

कराची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, हे त्यांना सांगणे जड गेले. पण ते सत्य आहे. मिळकतकराचे बिल हे महापालिकेच्या वसुलीपुरते असते, सातबारा हे जमीनमहसुलाचे दप्तर असते आणि त्यातील नावाने एकट्याने मालकी निर्माण होत नाही असे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. तसेच दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदला गेला म्हणजे विकणाऱ्याचा हक्क सरकारने तपासून दिला, हीदेखील एक सर्वत्र पसरलेली गैरसमजूत आहे. तो तपास खरेदीदारानेच करावयाचा असतो. केवळ मुखत्यारपत्र आणि साठेखत यांच्या आधारे स्थावराची मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केल्यानंतर तर या बाबतीत कोणालाच सबब उरलेली नाही.

सुदैवाने उपाय आहे आणि तो सामान्य माणसाच्या आवाक्यातला आहे. २००८ साली मोफा कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची, लोकांच्या बोलण्यातल्या ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ची, तरतूद झाली. विकासक सही करीत नसेल, तो परागंदा असेल किंवा मरण पावला असेल, तरी संस्थेने जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करावा. त्यांनी विकासक आणि मूळ मालक यांस नोटीस काढून, उभय पक्षांचे म्हणणे ऐकून सहा महिन्यांत निर्णय द्यावा. आणि आदेश झाल्यावर, मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून दस्ताच्या मसुद्याचा अभिनिर्णय करून घेऊन, विकासकाच्या सहीवाचूनही तो दस्त नोंदवावा, असा हा मार्ग आहे. सदनिकाधारकांनी आपापल्या करारनाम्यांवर पूर्वी भरलेले मुद्रांक शुल्क येथे विचारात घेतले जाते, त्यामुळे जमिनीच्या आजच्या किमतीवर पुन्हा पूर्ण शुल्क भरावे लागेल, ही सभांमधून हमखास ऐकू येणारी भीती बहुतांशी निराधार आहे. भोगवटा प्रमाणपत्र नसल्यामुळे अनेक संस्था अर्जच करीत नसत. त्याऐवजी स्वयंघोषणापत्र देण्याची सवलत शासनाने २०१८ साली दिली आहे.

खरी अडचण कायद्यात नसून कागद गोळा करण्यात आहे, आणि तेथेच संस्था थकतात. संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, सर्वसाधारण सभेचा ठराव, विकासकास वकिलामार्फत दिलेली नोटीस, मंजूर नकाशा, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आणि सभासदांचे नोंदलेले करारनामे त्यांच्या सूची क्रमांक २ च्या उताऱ्यांसह, एवढी जुळवाजुळव करावी लागते. तळमजल्यावरच्या वृद्ध बाईंचा करारनामा पुरात भिजून गेलेला असतो. दुसऱ्या मजल्यावरचे कुटुंब अमेरिकेत स्थायिक असते आणि तेथून उत्तर येण्यास महिने लागतात. तिसऱ्या मजल्यावरची सदनिका तीनदा विकली गेलेली आणि मधल्या एका व्यवहाराचा दस्तच झालेला नसतो. शिवाय डिसेंबर १९८५ पूर्वीचे करारनामे त्या काळच्या रीतीप्रमाणे किरकोळ मुद्रांकावर केलेले असतात. यांपैकी एकही अडचण असाध्य नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्ताची प्रमाणित प्रत मिळते, आणि परदेशस्थ सभासदांनाही तेथील भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवता येते. संस्थेत चिकाटीचा एक जरी माणूस असला आणि इतरांनी त्याची केवळ अडवणूक केली नाही, तरी हे काम तडीस जाते. अशी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईच्या गावदेवीत १९१५ साली श्रीपाद सुब्राव तल्मकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, तेव्हा रीत अशी होती की माणसे आधी एकत्र येत, संस्था उभी करीत आणि मग घरे होत. आज इमारत आधी, विक्री नंतर आणि संस्था सर्वांत शेवटी, असा क्रम उलटा झाला आहे, आणि जमिनीचा प्रश्न लोंबकळत राहण्याचे मूळ या उलट्या क्रमातच आहे असे मला वाटते.

जुनी सदनिका घेणाऱ्यास म्हणूनच माझा सल्ला असा की, इसार देण्यापूर्वी मिळकत पत्रिकेची अथवा सातबाराची ताजी प्रत मागावी. धारक म्हणून संस्थेचे नाव असेल तर उत्तम. नसेल तर निदान मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज दाखल आहे काय, हे सभेच्या इतिवृत्तावरून पाहावे, आणि तोही नसेल तर किंमत ठरविताना ही उणीव हिशोबात धरावी. पुनर्विकासाचे आमिष दाखवून जुन्या सदनिकेचा भाव वाढवून सांगितला जातो, तेथे तर ही रुजुवात अनिवार्य आहे, कारण जमीन संस्थेची नसेल तर पुनर्विकासाची बोलणी पहिल्याच वकिली तपासात अडतात. यासोबत मागील सर्व दस्तांची साखळी, भागपत्र, संस्थेचा ना-हरकत दाखला आणि तीस वर्षांचा शोध अहवाल हे नित्याचे कागद आहेतच. गाडी ठेवण्याच्या जागेविषयीही सावध असावे: इमारतीखालची मोकळी जागा विकासकास स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद प्रकरणात दिला आहे.

नव्या प्रकल्पात घर घेणारास २०१६ च्या रेरा कायद्याचे बळ आहे. नोंदलेल्या करारावाचून दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ग्राहकांच्या पैशाचे सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि विक्री चटईक्षेत्रावरच व्हावी लागते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रे पाहावयास मिळतात, ती पाहावीच. पण करारनाम्यातील जमिनीचे कलम विशेष लक्षपूर्वक वाचावे. अनेक इमारतींच्या मोठ्या प्रकल्पात मूळ भूमी ही अखेरची इमारत पूर्ण झाल्यावर सर्व संस्थांच्या शिखर संस्थेस मिळावयाची असते. ती अखेरची इमारत केव्हा पूर्ण व्हावयाची, हे जेथे मोघम लिहिले आहे, तेथे खरेदीदाराने तारीख लिहून मागितली पाहिजे.

शहराबाहेर गुंठ्या-दोन गुंठ्यांचे भूखंड घेणाऱ्यांसाठी दोनच शब्द. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि शेतजमिनीचे इतके लहान तुकडे पाडण्यास १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो, म्हणून अशा व्यवहारांत बरेचदा एकाच सातबारावर दहा-बारा अनोळखी माणसांची नावे सामाईक चढवली जातात. कोणाचा तुकडा कोठे, हे कोणत्याच सरकारी नकाशात नसते. सातबाराच्या वरच्या बाजूस ‘भोगवटादार वर्ग २’ असे दिसले, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती जमीन घेऊ नये. ‘इतर हक्क’ हा रकाना तर भिंग लावून वाचावा: कुळाचे नाव, कुळकायदा कलम ४३ चा शेरा, सोसायटीचा बोजा, भूसंपादनाची नोंद, हे सारे तेथेच दडलेले असते, आणि दलालाने मोबाइलवर पाठविलेल्या छायाचित्रात नेमका तोच भाग कापलेला असतो.

संस्थेत आधीच राहणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मिळकत पत्रिकेची प्रत आता शासनाच्या संकेतस्थळावरूनही अल्प शुल्कात मिळते. ती या आठवड्यात काढा आणि धारकाच्या रकान्यात कोणाचे नाव आहे ते स्वतः वाचा. तेथे आपल्या संस्थेचे नाव नसेल, तर सचिवांना लेखी पत्र द्या, आणि ३० सप्टेंबरपूर्वी व्हावयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर मानीव अभिहस्तांतरणाचा विषय पहिल्या क्रमांकावर घेण्याचा आग्रह धरा.