मांड्यांचे दुखणे आणि कपाटातल्या गोळ्या

गेल्या महिन्यात शेजारच्या चाळीतील एक वहिनी आमच्याकडे आल्या. हातात औषधांची पिशवी. तीत कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांच्या चार पट्ट्या, एकही गोळी न काढलेली. त्यांचे यजमान कारखान्यातून निवृत्त झालेले. दीड वर्षापूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन त्यांना स्टेंट बसवला आहे.

"भावजी, ह्यांनी दोन महिने गोळीच घेतली नाही. मांड्या दुखतात म्हणाले. नाक्यावर कुणीतरी सांगितलं, ही गोळी अंगातलं मांस खाते. झालं, ह्यांनी पट्ट्या कपाटात टाकल्या."

मांड्यांच्या दुखण्यापेक्षा आम्हाला त्या न उघडलेल्या पट्ट्यांचीच धास्ती वाटली. स्टेंट म्हणजे एका जागी रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी. बाकीच्या वाहिन्यांत चरबी साचणे त्याने थांबत नाही. ते काम गोळीचे, आणि गोळी बंद केली की काही आठवड्यांतच रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल पुन्हा पूर्वीच्या जागी जाते. दुखत काहीच नाही, म्हणून माणसाला ते कळत नाही.

मग नाक्यावरचा माणूस खोटे बोलला काय? अगदीच खोटे नाही, म्हणूनच तर त्याचे म्हणणे पटते. या गोळ्यांच्या गटाला स्टॅटिन म्हणतात. कोलेस्टेरॉल आपण खातो त्यापेक्षा आपले यकृतच जास्त तयार करते. अकिरा एन्डो या जपानी शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हजारो बुरशी तपासून यकृतातील ती निर्मिती रोखणारा पदार्थ शोधला. या गटातील पहिले औषध १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. पुढे सेरिव्हास्टॅटिन नावाचे एक औषध निघाले. त्याने काही रोग्यांचे स्नायू अक्षरशः विरघळले, त्यातील द्रव्य मूत्रपिंडात अडकले आणि माणसे दगावली. एकट्या अमेरिकेत असे ३१ मृत्यू नोंदले गेले आणि ऑगस्ट २००१ मध्ये ते औषध बाजारातून काढून घेण्यात आले. त्यातल्या कित्येकांना सोबत जेमफायब्रोझिल नावाचे दुसरे चरबीचे औषधही चालू होते. आज मिळणाऱ्या गोळ्यांत ते औषध नाही, आणि असा गंभीर त्रास फार क्वचित होतो.

साध्या दुखण्याचे काय? २०२२ मध्ये १९ मोठ्या चाचण्यांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. सुमारे १ लाख २४ हजार माणसे. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि कुणाला कोणती हे कुणालाच माहीत नाही. खरी गोळी घेणाऱ्यांपैकी शंभरात २७.१ जणांनी स्नायू दुखल्याचे सांगितले. पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी? २६.६ जणांनी! पन्नाशी-साठीत अंग दुखतेच हो. दिवसभर उभे राहून काम केलेल्या माणसाचे तर दुखणारच. जो थोडा खरा फरक होता, तो बहुतेक पहिल्या वर्षातच दिसला. असो.

पण म्हणून दुखणे मनावरच घेऊ नका, असे आम्ही म्हणणार नाही. दोन्ही मांड्या, पोटऱ्या, खांदे एकदम दुखू लागले, जिना चढताना पाय उचलेना, तर डॉक्टरांना सांगा. ते सी.पी.के. ही रक्ततपासणी करतात. स्नायू दुखावला की हा आकडा वाढतो. इथे एक मेख आहे. आदल्या दिवशी कुणी पोती उचलली असतील, तरी तो वाढतो. हमालीचे, बांधकामाचे काम करणाऱ्यांनी हे स्वतःहून सांगितलेच पाहिजे, कारण खुर्चीतला डॉक्टर ते विचारीलच असे नाही. आकडा वरच्या मर्यादेच्या दहापट गेला, तर गोळी थांबवतात. नाही तर मात्रा कमी करतात, किंवा त्याच गटातील दुसरी गोळी देतात. आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

खोकल्या-तापासाठी दुसऱ्या दवाखान्यात गेलात, तर चालू गोळ्यांची पट्टी सोबत न्या. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही जंतुनाशके यातील काही गोळ्यांशी जुळत नाहीत, स्नायूंचा धोका वाढवतात. रोजची दारूही तेच करते.

हे सगळे आम्ही वहिनींना सांगत होतो आणि त्या बसल्या बसल्या स्वतःच्याच पोटऱ्या चोळत होत्या. विचारले तर म्हणाल्या, "माझं काय, सदाचंच आहे. पाय वळतात, अंग जड वाटतं, थंडी सोसवत नाही." कोलेस्टेरॉल त्यांचेही वाढलेले निघाले होते, पण घरात एकाच्या औषधाला पैसे, म्हणून कागद तसाच घडी करून ठेवलेला. आमच्या बायाबापड्यांची ही नेहमीची रीत, आणि तिचा आम्हाला राग येतो.

कोलेस्टेरॉल आणि स्नायू या दोघांना जोडणारा आणखी एक धागा आहे, तो म्हणजे गळ्यातील थायरॉईड ग्रंथी. ती मंदावली की यकृत रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल नीट उचलून घेत नाही, म्हणून ते वाढते. त्याच वेळी स्नायूही आखडतात, दुखतात, बळ कमी पडते. अशा माणसाला थायरॉईड न तपासताच स्टॅटिन दिले, तर स्नायूंचा त्रास होण्याची शक्यता जास्त. टी.एस.एच. नावाच्या एका तपासणीत ते कळते. थायरॉईडची गोळी चालू झाली की पुष्कळदा दुखणे आणि कोलेस्टेरॉल दोन्ही उतरतात.

आम्ही दोघांनाही पालिकेच्या रुग्णालयात पाठवले. यजमानांचा सी.पी.के. ठीक निघाला. त्यांना याच गटातील दुसरी गोळी कमी मात्रेत दिली आहे, आणि डॉक्टरांना विचारून ते संध्याकाळी मैदानाला फेऱ्या मारतात. चालणारा स्नायू रक्तातील चरबी जळणासाठी ओढून घेतो, हे त्यांना आमच्यापेक्षा त्या डॉक्टरीणबाईंनी चांगले पटवले. पहिल्या आठवड्यात मांड्या पुन्हा दुखल्या, पण ते दुखणे चालण्याचे होते.

वहिनींचा टी.एस.एच. बराच वाढलेला निघाला. आता पहाटे उठल्या उठल्या उपाशीपोटी गोळी, आणि अर्ध्या तासाने चहा. तो अर्धा तासच फार जड जातो, असे त्या म्हणतात. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचे आहे, थायरॉईडचे आणि कोलेस्टेरॉलचेही. जुना घडी केलेला कागद त्यांनी या वेळी पिशवीत घातला आहे.