विज्ञानकथेतला पट्टेकरी



मराठी विज्ञानकथेची वाटचाल तुम्ही अभ्यासलेली आहे. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली घेतलेली विज्ञानकथा स्पर्धा आणि तिच्यासाठी जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवलेली ‘कृष्णविवर’ ही कथा, हा तपशील परीक्षेच्या निमित्ताने का होईना, तुमच्या स्मरणात असेल. (टोपणनावाची आद्याक्षरे उलट क्रमाने वाचून पाहा.) या लेखात मी त्या वाटचालीबद्दलची एक तक्रार मांडणार आहे. तिच्याशी तुम्ही सहमत व्हावे अशी अपेक्षा नाही. मात्र तिचा विचार करावा.

आपल्या विज्ञानकथेत प्राध्यापक भेटतात, संशोधक भेटतात, डॉक्टर आणि यंत्रमानव भेटतात. सैनिक क्वचित भेटतो. ज्याच्या हातापायांत युद्धकला मुरलेली आहे असा सैनिक, चार-सहा जणांच्या तुकडीत, भविष्यकाळातल्या एखाद्या मोहिमेवर निघालेला, असा तर माझ्या वाचनात आलेला नाही. इंग्रजी वाचकाला हा नायक अगदी परिचित आहे. आपल्याला तो परका का राहिला?

युद्धकला आपल्याकडे नाही म्हणून, असे म्हणता येणार नाही. गुढीपाडव्याच्या सकाळी डोंबिवलीत किंवा ठाण्यात रस्त्यावर उभे राहिलात तर नववर्ष स्वागतयात्रेत लाठी फिरवणाऱ्या मुली दिसतात, दांडपट्ट्याची पाती सणसणताना ऐकू येतात. फरीगदगा, बोथाटी, विटा, लाठी, पट्टा हे सारे मर्दानी खेळ कोल्हापूरच्या तालमींनी जपले आणि आता ते उपनगरांतल्या मैदानांवरही शिकवले जातात. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. भाषेने तो मान फार आधीच दिला होता. ‘पटाईत’ हा शब्द पट्ट्यावरूनच आला आहे.

म्हणजे पट्टेकरी आहे, पण साहित्यात त्याला आपण एकच घर दिले: ऐतिहासिक कादंबरी. शरीर भूतकाळाकडे आणि बुद्धी भविष्यकाळाकडे, अशी ही वाटणी झाली. तलवार गाजवणारा हात सतराव्या शतकात राहतो, समीकरण सोडवणारे डोके बाविसाव्या शतकात राहते, आणि दोघांची गाठ पडत नाही. ही वाटणी मला खोटी वाटते.

ती ओलांडण्याच्या सर्वांत जवळ आलेली कथा नारळीकरांचीच आहे: ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात, जिथे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठे विजयी झाले होते. त्या जगात ते पुण्याहून मुंबईला निघतात तेव्हा त्यांची गाडी कल्याण स्थानक न थांबता धडधडत ओलांडते. कल्याणला रोज गर्दीत चढणाऱ्या वाचकाला हा तपशील बोचल्याशिवाय राहत नाही. इतिहास बदलण्याचे कारण मात्र केसाएवढे आहे. विश्वासरावांना लागायची गोळी त्यांच्या कानाजवळून निघून जाते.

कथा म्हणून ही कल्पना देखणी आहे, आणि लेखकाने तिला आपत्ती सिद्धांताचा व पुंजभौतिकीचा भक्कम आधार दिला आहे. तरीही माझी अडचण तिथेच आहे. विश्वासराव स्वतः काही करत नाहीत. गोळी चुकते, एवढेच घडते. युद्ध आहे, निर्णायक क्षण आहे, पण लढणारा माणूस पडद्याआड राहतो. प्रत्यक्ष पानिपतावर तर हाच प्रश्न धगधगत होता: इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी व तोफा यांच्या बळावर एका जागी पाय रोवून लढायचे, की अंगवळणी पडलेल्या गनिमी काव्याने? नवे यंत्र आणि जुने कसब यांनी एकाच सैन्यात कसे नांदायचे, हा विज्ञानकथेचा विषय नव्हे, असे कोण म्हणेल?

हाच प्रश्न रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ (१९५९) या कादंबरीत एक नवशिका शिपाई उघडपणे विचारतो. कळ दाबून शहर नष्ट करता येत असेल, तर आम्ही सुरी फेकायला कशाला शिकायचे? त्याच्या उस्तादाच्या उत्तराचा मथितार्थ असा, की युद्ध म्हणजे सरसकट संहार नव्हे. किती बळ वापरायचे याला माप असते, आणि ते माप पाळणारा माणूस घडवावा लागतो. ही कादंबरी लष्करशाहीची भलामण करते, असा आक्षेप अनेकांनी घेतला आहे आणि तो मला पुष्कळसा पटतो. पण प्रश्न खोटा ठरत नाही.

तो किती खरा आहे, हे १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात दिसले. दोन अण्वस्त्रधारी देशांचे सैनिक खिळे ठोकलेले दंडुके, दगड आणि नुसते हात यांनी एकमेकांशी झुंजले. प्रत्यक्ष नियंत्रण रेषेजवळ गोळीबार न करण्याचे बंधन १९९६ च्या कराराने दोन्ही बाजूंवर होते. गोळी सुटली नाही. आपले २० जवान मृत्युमुखी पडले. उपग्रहांची नजर खाली रोखलेली असलेल्या या शतकात शेवटी माणसाच्या अंगाला माणसाचे अंग भिडले. ही घटना एखाद्या लेखकाने आधी कथेत लिहिली असती, तर समीक्षकांनी तिला अवास्तव ठरवले असते.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल: असा नायक आणला की मारामारीचा बाजार सुरू होतो, रक्ताला चटावलेला वाचक तयार होतो. धोका खरा आहे. त्यावर उतारा मात्र सैनिकाला हद्दपार करण्यात नाही, त्याला नीट पाहण्यात आहे. व्हिएतनाममध्ये लढून जखमी झालेल्या जो हाल्डेमन यांची ‘द फॉरेव्हर वॉर’ १९७४ सालीच आली, म्हणजे आपल्याकडची स्पर्धा झाली त्याच वर्षी. तिच्यातला सैनिक प्रकाशवेगाजवळच्या प्रवासांमुळे थोडासाच वयस्क होऊन परततो, पण पृथ्वीवर मधल्या काळात कितीतरी वर्षे उलटलेली असतात. ज्यांच्यासाठी लढला, ते जगच त्याला अनोळखी झालेले असते. इथे सापेक्षता सिद्धांत केवळ सजावटीला आलेला नाही. सैनिकाच्या एकटेपणाचे ते कारण आहे. सीमेवरून सुटीवर घरी येणाऱ्या जवानाला, किंवा निवृत्तीनंतर ठाण्यातल्या एखाद्या इमारतीच्या फाटकावर पहारा देणाऱ्या माजी सैनिकाला, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तुमच्यापैकी काही जण त्यांच्याच घरचे असतील, काही जण स्वतः गणवेशात असतील.

तेव्हा एक प्रसंग सुचवतो. स्वाध्यायाच्या वहीत तो पुढे नेऊन पाहा. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका स्थानकावर पाच जणांची तुकडी आहे. तिच्यात डोंबिवलीची एक तरुणी आहे, लहानपणापासून पट्टा शिकलेली. स्थानकात शत्रू शिरला आहे. बंदूक चालवता येत नाही, कारण गोळीने भिंतीला छिद्र पडले तर आतली हवा निघून जाईल. आता तिची वेळ आली, असे सर्वांना वाटते. पण तिचा पवित्राच उभा राहत नाही. पवित्रा उभा राहतो तो वजनावर आणि पायाखालच्या घर्षणावर. इथे तिला दोन्ही नाहीत. तिने हात वेगाने एका दिशेला फिरवला की तिचे धड उलट दिशेला फिरू लागते. तिने समोरच्याला ढकलले की तीही तितक्याच जोराने मागे फेकली जाते. न्यूटनचा तिसरा नियम तिने शाळेत पाठ केला होता, पण तो अंगावर आज प्रथमच आला आहे.

वीस वर्षांची मेहनत निरुपयोगी ठरली, की त्या मेहनतीतले काहीतरी अजून तिच्याजवळ उरले आहे? तोल, श्वास, नजर, वार रोखून धरण्याची सवय, यांतले नेमके काय जमिनीवाचून टिकते? समोरचा माणूसही तिच्यासारखाच अधांतरी हेलकावे खातो आहे, आणि त्याच्या डोळ्यांत तिला भीती दिसते आहे. तिच्या उजव्या हाताला भिंतीतली एक कडी लागते. ती कडी घट्ट धरून ती डावा हात मोकळा करते.