बारा शब्दांमागचा वाद

क्रिप्टो-वॉलेटचा इतिहास सांगताना २००९ वरून थेट आजच्या बारा शब्दांवर उडी मारली जाते. मधली वर्षे गाळली जातात. माझ्या मते खरा इतिहास तिथेच आहे.

बिटकॉइनच्या आरंभीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक किल्ली स्वतंत्र, यादृच्छिक असे. शंभर किल्ल्या आगाऊ तयार होत; त्या सरल्या, की पुढच्या किल्ल्या जुन्या बॅकअपमध्ये नसत. संगणक बिघडला, तर त्यांवरचा पैसा गेलाच!

फेब्रुवारी २०१२ मध्ये पीटर वुइले यांनी 'बिप ३२' मांडले: एका बीजातून किल्ल्यांचा अख्खा वंशवृक्ष. पुढच्याच वर्षी 'बिप ३९' आले आणि २०४८ शब्दांच्या यादीतले १२ किंवा २४ शब्द कागदावर उतरवले, की बीज जपले गेले. त्याच्या चार लेखकांपैकी दोघे 'ट्रेझर'चे निर्माते, हे ध्यानात असू द्यावे.

'बिटकॉइन कोअर'ने बिप ३२ स्वीकारले ते थेट ऑगस्ट २०१६ मध्ये. 'इलेक्ट्रम'ने तर आपली निराळी शब्दपद्धती राखली. त्यांचा आक्षेप असा, की बिप ३९ च्या शब्दांत आवृत्तीची खूण नाही. किल्ल्या कोणत्या वाटेने काढायच्या, हे त्यांवरून कळत नाही.

हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. तेच शब्द दुसऱ्या वॉलेटमध्ये घातले, तर शिल्लक शून्य दिसू शकते. पैसा जागेवरच असतो, चुकलेली असते ती वाट. २०१४ च्या बिप ४४ ने वाट ठरवून दिली खरी, पण नव्या प्रकारच्या पत्त्यांबरोबर नव्या वाटा आल्या. वारसाच्या हाती पडणाऱ्या कागदावर मात्र बहुधा शब्दच असतात.