चिमणी चढत होती तेव्हा कोण बघत होतं?

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरची सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली, तेव्हा ती कोसळायला काही सेकंदच लागले. त्याआधी कित्येक वर्षं मोर्चे, निवेदनं, कोर्टाच्या तारखा आणि शहरात उघड उघड पडलेले दोन तट. चिमणी विमानतळाच्या धावपट्टीच्या आड येत होती; एका तटाला विमान हवं होतं, दुसऱ्याला कारखाना. ‘विमानात बसणारे किती आणि ऊस पिकवणारे किती?’ हा कारखान्याच्या सभासदांचा सवाल चुकीचा नव्हता. ‘विमानसेवा नाही म्हणून उद्योग येत नाहीत, पोरं पुण्याला जातात’ हे व्यापाऱ्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. शेवटी महापालिकेने बंदोबस्तात चिमणी पाडली. त्यानंतर धावपट्टी सुधारून गोव्याचं पहिलं विमान उडायला ९ जून २०२५ उजाडलं.

मला यात विमान की ऊस, या वादापेक्षा दुसरीच गोष्ट खटकते. सुमारे ९० मीटरची चिमणी काही रातोरात उगवत नाही. ती चढत होती तेव्हा अख्ख्या शहराला दिसत होती. परवानगी नाही, धावपट्टीच्या आड येते, हे सगळं बांधून झाल्यावर ऐरणीवर आलं. पाया खणतानाच कोणी कागद मागितला असता, तर कारखान्याचे पैसे वाचले असते आणि शहराची वर्षंही.

तो कागद मागायचा कोणी? विमानतळ केंद्राचा, हे खरं. पण कुंपणाबाहेरच्या जमिनीवर काय उभं राहायचं, हे दिल्ली ठरवत नाही. ते महापालिका, नगर परिषद, प्राधिकरण नाहीतर ग्रामपंचायत ठरवते. केंद्राच्या २०१५ च्या उंची-निर्बंध नियमांनी ही जबाबदारी स्थानिक संस्थांवरच टाकली आहे. ज्या विमानतळाचा रंगीत विभाग-नकाशा तयार आहे, तिथे नकाशातल्या मर्यादेत बसणारं बांधकाम स्थानिक संस्था आपल्याच अधिकारात मंजूर करू शकते. लाल पट्ट्यात मात्र विमानतळ प्राधिकरणाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं.

हा नकाशा एकदा जवळून पाहा. रंगीत चौकोन आणि प्रत्येकात एक आकडा. समजा तुमच्या प्लॉटवरच्या चौकोनात ५१० लिहिलंय. म्हणजे ५१० मीटर उंच इमारत बांधता येईल असं नाही. तो आकडा समुद्रसपाटीपासून मोजायचा. सोलापूरचा विमानतळच साधारण ४८० मीटर उंचीवर आहे. तुमची जमीनही तेवढ्याच उंचीवर असेल, तर हातात उरतात तीस मीटर. त्या तीस मीटरमध्ये लिफ्टची खोली, पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर आणि वरचा अँटेना, सगळं बसलं पाहिजे. म्हणून आधी जमिनीच्या उंचीचा दाखला काढायचा, मग वजाबाकी. हा हिशेब नगररचना विभागातल्या अभियंत्याला येतो. विमानतळाला खेटून असलेल्या गावच्या ग्रामसेवकाला तो कोणी शिकवलाय का?

कारण खरी गडबड गावांच्या हद्दीत होते. विमानतळ जाहीर झाला की आसपासच्या जमिनीला भाव फुटतो. एजंट येतात, एकरांचे गुंठे होतात, ‘एअरपोर्टपासून पाच मिनिटं’ असे फलक लागतात. गावठाणातल्या बांधकामाची परवानगी ग्रामपंचायतीकडे, गावठाणाबाहेरची दुसऱ्या कार्यालयात. कोल्हापुरात २०१७ साली ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. हद्दवाढीला गावांचा विरोध होता, त्यातून काढलेला तो मधला मार्ग. उजळाईवाडीच्या विमानतळाभोवती त्यामुळे महापालिका एकीकडे, प्राधिकरण दुसरीकडे, औद्योगिक वसाहत तिसरीकडे आणि गावकीचा कारभार आहेच. इतकी कार्यालयं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरं बघत असेल.

उंची हा झाला एक भाग. जमिनीचा वापर हा त्याहून अवघड भाग, कारण उंचीचे नियम वापराबद्दल बोलत नाहीत. धावपट्टीच्या रेषेत तीन मजली गोदाम आणि तीन मजली वसतिगृह, दोन्ही नकाशात सारखीच बसतात. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत विमान कोसळलं ते वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर. अपघात त्या इमारतीमुळे झाला नव्हता, पण माणसं त्या इमारतीतलीही गेली. विमान चढतं-उतरतं त्या पट्ट्यात शाळा, दवाखाने, वसतिगृहं नकोत, शेती-गोदामं चालतील, हे विकास आराखड्यातच लिहावं लागतं. आणि आराखडा करणं हे राज्याच्या नगररचना कायद्याखाली स्थानिक नियोजन संस्थेचंच काम आहे.

कचऱ्याचंही तेच. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत जनावरं कापायला आणि पक्षी गोळा होतील असा कचरा टाकायला विमान नियमांची बंदी आहे. घारी मात्र नियम वाचत नाहीत. मटणाच्या दुकानामागचा उकिरडा वाचतात. तो उचलायचा ग्रामपंचायतीने, जिच्याकडे धड घंटागाडी नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. स्थानिक संस्थांना नकाशा पाठवून देणं म्हणजे सहभाग नव्हे. धावपट्टी वाढवायचं ठरतं त्याच बैठकीत सरपंच आणि नगरसेवक बसले पाहिजेत, गावाची जमीन आणि रस्ता जाणार असेल तर त्याचा मोबदला आणि पर्याय तिथेच ठरला पाहिजे. ज्यांच्या घरावर उंचीची मर्यादा येते, त्यांना ती प्लॉट घेण्याआधी कळली पाहिजे. त्यासाठी मोठा खर्च नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात बँकेचा बोजा चढतो, तशी ‘विमानतळ उंची-निर्बंध क्षेत्र’ ही नोंदही चढवावी. गुंठा घेणारा माणूस दुसरं काही वाचो न वाचो, सातबारा वाचतोच.

सवलत मात्र कोणालाच नको. साध्या माणसाचा जिना पाडायचा आणि वजनदाराच्या इमल्याकडे डोळेझाक करायची, असं झालं की नकाशाची किंमत रद्दीइतकी राहते.

तुमच्या गावाजवळ धावपट्टी असेल किंवा येऊ घातली असेल, तर येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा: तो रंगीत नकाशा आपल्या पंचायतीत आहे का? असेल तर फलकावर लावायला सांगा. नसेल तर तो मागवण्याचा ठराव त्याच सभेत करून घ्या, आणि ठरावाची नक्कल घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.