प्रौढांचा परदेशी अभ्यास

नोकरीत स्थिरावलेल्या संसारी मुलाने परदेशी पदवीचा विषय काढला की ‘हे का शिकण्याचे वय?’ असा आक्षेप आपल्या घरांतून निघतो. आम्हांस तो मान्य नाही. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकी सोडून डॉ. आंबेडकर १९२० साली अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करण्यास लंडनला परतले. वय २९, पदरी संसार. गाठीची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राचे कर्ज, एवढेच भांडवल. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने त्यांनी डी.एस्सी. मिळविली.

खरा प्रश्न खतावणीचा आहे. इंग्लंडात पदव्युत्तर पदवी बहुधा एका वर्षाची, अमेरिकेत दोन. तेवढ्या काळाची प्राप्ती बुडते, तीही नावे मांडावी. मग आपला शिक्षण-निधी कोवळ्या विद्यार्थ्यांपुरताच का? संसारी सभासदपुत्रांस, आणि कन्यांसही, त्यातून बिनव्याजी कर्ज द्यावे, असे आम्ही येत्या सभेत सुचविणार आहोत.