एक क्यूआर, तीन धंदे: जीएसटीचा हिशोब कुठे अडकतो?

सारसोळेत माझ्या एका मित्राचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. कव्हर, चार्जरही विकतो. त्याची आई सकाळी म्हावरं विकते. तिच्याकडे स्मार्टफोन नाही, म्हणून पाटीजवळ यानेच स्वतःचा क्यूआर कोड लावलाय. परवा म्हणाला, "ताज्या मासळीला जीएसटी नाही, मग टेन्शन कसलं?"

टेन्शन आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला तर सुमारे २९ लाखांची! भाजी करमुक्त, पण खात्यात आलेला पैसा कशाचा, हे यूपीआयच्या नोंदीत दिसत नाही.

आता मित्राचा हिशोब बघा. समजा वर्षाला मासळी १५ लाख, कव्हर-चार्जर ४ लाख, रिपेअरिंग ३ लाख. एकूण २२ लाख. जीएसटी नोंदणीची मर्यादा धंद्यागणिक नाही, पॅनगणिक मोजतात, आणि त्या बेरजेत करमुक्त मालही धरतात. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत सूट आहे. पण सोबत रिपेअरिंगसारखी सेवा आली की मर्यादा थेट २० लाख. म्हणजे ३ लाखांच्या रिपेअरिंगने अख्खी मर्यादा निम्मी केली! नोंदणी झाली की कव्हर आणि रिपेअरिंगवर १८ टक्के कर, मासळीवर तेव्हाही शून्य.

गंमत म्हणजे मासळीचा धंदा खरं तर आईचा. तिच्या पॅनवर, तिच्या बँक खात्यात पैसे गेले तर ती पूर्ण करमुक्त माल विकते, तिला नोंदणी लागत नाही. मित्राचे उरतात ७ लाख, त्यालाही नाही. ही पळवाट नव्हे. ज्याचा धंदा, त्याचं खातं. एकाच माणसाचे धंदे कागदोपत्री घरच्यांच्या नावावर वाटणं वेगळं, ते करू नका.

"मग प्रायव्हेट लिमिटेड काढू का?" हा त्याचा पुढचा प्रश्न. कशाला? कंपनीचाही पॅन एकच, बेरीज तीच. शिवाय इन्कम टॅक्समध्ये छोट्या व्यापाऱ्याला डिजिटल विक्रीवर ६ आणि रोखीवर ८ टक्के नफा धरून रिटर्न भरता येतं, ती सोय कंपनीला नाही.

जुन्या व्यवहारांसाठी आईची खरेदीची वही जपून ठेव, एवढं सांगितलंय. नवा क्यूआर तिच्या नावाने मागवलाय. तिची अट एकच: पैसे आल्यावर बोलणारा डबा मराठीत बोलला पाहिजे.